चेकनाका ताई

आमच्या समोरच्या दारातल्या ताई कुठलीही वस्तू आधी नाकाला लावत. दूध, वरण, औषधाची बाटली, पाहुण्यांनी आणलेली केळी, झालंच तर नवी चादर. नाकपुड्या दोनदा फुलायच्या, क्षणभर सगळं थांबायचं, मग मान हलायची आणि शब्द यायचे, "हां, जाऊ दे." हायवेवरच्या नाक्यावर शिपाई ट्रकची ताडपत्री उचलून आत डोकावतो आणि मग हात हलवतो, अगदी तसंच. म्हणून बिल्डिंगीत त्यांचं नाव पडलं चेकनाका. समोर मात्र सगळे ताईच म्हणत, कारण त्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

मी स्वतः काही कमी संशयी नाही, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने हसत जुडी दिली तर मी ती आतून उलगडून बघते. माझं सासर एडवणचं. नवऱ्याला तारापूरला एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा आम्ही कुंभवलीला तळमजल्यावर खोली घेतली. निघताना सासूबाईंनी तांदळाच्या फेण्यांचा, म्हणजे वाळवलेल्या पातळ पापड्यांचा, डबा हातात दिला आणि बजावलं, "समोर कोन राहते ते आदी बघ. कुनाच्या हातचं लगेच खाऊ नको."

समोर बघितलं तर चौकटीवर लाकडी क्रूस आणि त्याच्यामागे दुमडून खोचलेलं झावळीचं वाळकं पातं. क्रूसाचं मला काही वाटलं नाही, शाळेत माझ्या बाकावर ख्रिस्ती मुलगी होती. पण ते पातं मनातून जाईना. करणीबिरणी असेल म्हणून मी आठ दिवस त्या दाराकडे न बघताच बाहेर पडत होते. पुढे कळलं की ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्यांवर आशीर्वाद मागतात आणि लोक ते पातं वर्षभर घरात ठेवतात. कळलं तरी पटायला मला अजून महिना लागला.

शेजारधर्म म्हणून एकदा वाटीभर शिरा घेऊन गेले. ताईंनी दारातच वाटी घेतली आणि माझ्या देखत नाकाला लावली. माझा असा संताप झाला! साजूक तुपातला शिरा, त्यात वेलची घातलेली, आणि ही बाई तो हुंगते. माझा चेहरा त्यांनी वाचला असणार. "राग मानू नका, वहिनी," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात एक जण हाय, त्याचं तोंड माझ्या नाकावर चालतं." मी ते बोलणं सोडून दिलं. माणसं काहीतरी बोलतात.

तो एक जण म्हणजे आंतोन, त्यांचा एकुलता एक मुलगा. तेव्हा अकरा वर्षांचा होता. जन्मताना तो वेळेवर रडलाच नाही, मेंदूला हवा कमी पडली. हातपाय ताठ, मान डुगडुगती, बसायचं ते चाकाच्या खुर्चीत पट्टा बांधून. बोलणं म्हणजे एकच "म्म", पण त्या एका आवाजात हो, नाही, अजून हवं, बाबा आले, सगळं असायचं. डोळे मात्र लख्ख, माणसाच्या आरपार बघणारे. सगळ्यात मोठी अडचण गिळण्याची. घास अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेला जायचा. दोनदा फुप्फुसात अन्न जाऊन तो मरणाच्या दारात जाऊन आला होता. त्यामुळे ताईंचा नियम पक्का होता, आंतोनच्या तोंडात दुसऱ्या कुणाचा हात जायचा नाही. त्याच्या बाबांचाही नाही. बाबा तीन पाळ्यांत काम करायचे. मी त्यांना बहुतेक वेळा झोपलेलेच बघितलं.

ताईंचा संशय कुणालाच सूट देत नसे. पालघरला अपंगत्वाचा दाखला नवा करायला गेल्या, तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, "याचं हे कायमचं आहे का?" ताईंनी त्याच्या खुर्चीकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "तुमची ही कायमची हाय का?" दाखला मिळायला अजून दोन खेपा पडल्या, पण हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. मी आमच्या देवीचा अंगारा दिला तेव्हा तोही हुंगला. म्हणाल्या, "बाहेरून लावते. पोटात नाय जायचा." आणि खरंच त्याच्या कपाळाला बोट लावलं.

सगळ्यात जास्त राग त्यांना होता तो बरं करून देणाऱ्यांचा. आंतोन पाच वर्षांचा असताना बोईसरला एका हॉलमध्ये कुणी फिरते उपदेशक आले होते. त्यांच्या चर्चचे नव्हते, कुठले होते देव जाणे. शेजारणीच्या आग्रहाने ताई गेल्या. दोघांनी आंतोनला काखेत धरून उभं केलं, "चाल!" म्हणून सगळे ओरडले आणि दोघांनी हात सोडले. त्याच्या भुवईवर त्या दिवसाची खूण होती. वर त्याच लोकांनी सांगितलं की आईचा विश्वास कमी पडला. "देवावर माझा विश्वास हाय, वहिनी," ताई म्हणायच्या, "त्याच्या एजंटांवर नाय."

तरी रविवारची मिस्सा कधी चुकली नाही. खुर्ची ढकलत चर्चला जायचं, संध्याकाळी जपमाळ घेऊन बसायचं. माझ्या डोक्यात ते बसेना. जी बाई दूधवाल्यावर विश्वास ठेवत नाही, ती न दिसणाऱ्यावर कसा ठेवते? एकदा मी चिडवलंच, "देवाचा तरी वास घेतलात का हो कधी?"

"रोज घेते," त्या म्हणाल्या. "अजून सोडला नाय त्याला."

आंतोन तेरा वर्षांचा झाला त्या साली फेणीचं प्रकरण सुरू झालं. एके दिवशी चार वाजता ताई दारात. "वहिनी, तुमच्याकडच्या फेण्या लय पातळ हायत. एक तळून द्याल?" मी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता, पुन्हा एक. तिसऱ्या दिवशीही. दोन दिल्या तर एक परत करायच्या. फेणी घेऊन घरात शिरल्या की दार बंद. आता सांगा, यात कुणाला काळंबेरं दिसणार नाही? परीक्षा म्हणून मी मुद्दाम बाजारची जाड फेणी दिली. ती दोन मिनिटांत परत आली. "ही नको. कालच्यासारखी पायजे. जिभेवर ठेवली की विरघळली पायजे." सासूबाईंना फोन केला तर त्या हादरल्या. "आपल्या घरचं अन्न नेऊन ती काय करते? बघ तरी!"

बघायला मी मागच्या खिडकीला गेले. जाळीला डोळा लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. ताई खांद्यावर पांढरी चादर घेऊन आंतोनसमोर उभ्या होत्या. नखाएवढा फेणीचा तुकडा दोन बोटांत वर धरून म्हणाल्या, "ख्रिस्ताचे शरीर." मग तोच तुकडा हुंगला, "हां, जाऊ दे" म्हणाल्या आणि त्याच्या जिभेवर ठेवला. माझ्या सासूबाईंच्या फेणीवर दिवसाढवळ्या मंत्र चालला होता! मी मागे सरले तर बांगड्या वाजल्या.

"आत या, वहिनी," ताई वळूनही न बघता म्हणाल्या. "जाळीतून नीट दिसायचं नाय."

"मी विरजण मागायला आले होते," मी म्हणाले.

"वाटी नाय आणली ती?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी मुकाट्याने आत गेले आणि तेव्हा सगळा खुलासा झाला. ख्रिस्ती घरातलं मूल आठ-दहा वर्षांचं झालं की चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतं. त्याला ते कम्युनियन म्हणतात. फादर एक पातळ पांढरी चकती देतात, आणि त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती नुसती भाकर राहिलेली नसते, साक्षात ख्रिस्त असतो. आंतोनच्या बरोबरीच्या पोरांनी ती कधीच घेतली होती. आंतोनच्या वाट्याला दर रविवारी फक्त डोक्यावरचा हात. फादर भला माणूस, पण वयस्कर आणि घाबरट. त्यांना दोन चिंता होत्या. एक, मुलाला त्याचा अर्थ कळेल का? ताईंनी उत्तर दिलं होतं, "मला तरी कुठं कळलाय, फादर? तरी मला देता ना?" फादरनी ती चिंता सोडून दिली होती. दुसरी चिंता मात्र खरी होती. चर्चमध्येच ठसका लागून काही झालं तर?

"मग फादर बोलले, मी तुमच्या हातात देतो, तुमीच भरवा," ताई सांगत होत्या. "मी बोलले, नाय. माझ्या हातचं तो रोजच खातो. बाकीच्या पोरांना फादरच्या हातचं, मग ह्याला का नाय?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, उद्या मी मेले तर? एकदा तरी त्यानं दुसऱ्याच्या हातचं घेतलेलं मला बघायचं हाय. मग मला थोडी झोप लागेल."

इतकी संशयी बाई, आणि तिला आपल्या पोरासाठी दुसरा हात हवा होता. तेवढ्यात त्यांनी खांद्यावरची चादर काढून माझ्या खांद्यावर टाकली.

"आता तुमी फादर व्हा."

माझी पुन्हा पाचावर धारण बसली. हेच तर नसेल ना यांच्या मनात? आधी फेणी, मग चादर, मग मी तोंडाने ते शब्द म्हणायचे. "ताई," मी विचारलंच, "मी हे म्हटलं तर मी बाटणार नाही ना?"

ताई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना तेवढंच बघितलं. "फेणी हाय ती, वहिनी. तुमच्या सासूबायची."

त्या दिवसापासून रोज चार वाजता मी फादर. चादर घ्यायची, तुकडा धरायचा, शब्द म्हणायचे. पण दर वेळी मी हात पुढे केला की ताई वाकून माझ्या बोटांचा वास घ्यायच्या. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन येत होते मी! "हां, जाऊ दे" ऐकल्याशिवाय तुकडा पुढे सरकायचा नाही. मला ते फार लागायचं. काही दिवस आंतोनला भयंकर ठसका लागायचा, ओठ निळे पडायचे, ताई त्याला कुशीवर वळवून पाठ थोपटायच्या. एकदा मी म्हणाले, "ताई, पुरे. एका विधीसाठी पोराच्या जिवाशी खेळ नको." त्या भडकल्या. "जिवावर बेतेल म्हणून त्याला जेवायला घालायचं पन सोडू? घरात बसवून ठेवू? जगायचं सोडू दे त्याला?" मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता गेले. दोन महिन्यांनी सलग पंधरा दिवस ठसका लागला नाही. तेव्हा त्या फादरना घरी घेऊन आल्या आणि आम्ही त्यांना सगळं करून दाखवलं. खांद्यावर चादर घेतलेल्या मला बघून फादर बराच वेळ चष्मा पुसत होते.

चर्चमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा गेले ती फादरनी आंतोनसाठी ठरवलेल्या रविवारी. सवयीने चपला बाहेर काढल्या, तर तिथे फक्त माझ्याच होत्या. चोरीला जातील म्हणून अर्धा जीव तिकडे. ताईंनी मला अगदी पुढे, खुर्चीला लागून बसवलं होतं, वेळ आली तर पाठ थोपटायला. आंतोनने पांढरा शर्ट घातला होता, केसांना तेल. फादर वेदीवरून खाली आले, चकतीचा लहानसा तुकडा मोडला आणि पुढे केला. "ख्रिस्ताचे शरीर." त्यांची बोटं थरथरत होती. आंतोनने ओठ घट्ट मिटून घेतले.

फादरनी पुन्हा म्हटलं. ओठ मिटलेलेच. गाणं संपलं होतं, सगळं चर्च माना उंच करून बघत होतं. एवढी दोन महिन्यांची मेहनत, आणि ऐन वेळी हे! मी ताईंकडे बघितलं. त्या पुढे झाल्या, वाकल्या आणि भर चर्चमध्ये फादरच्या बोटांना नाक लावून दोनदा हुंगलं. मागून बायकांचा "अगं बाई" ऐकू आला. "हां, जाऊ दे," ताई म्हणाल्या. आंतोनचं तोंड उघडलं. फादरनी तुकडा जिभेवर ठेवला. आम्ही तिघेही त्याच्या गळ्याकडे बघत राहिलो. गळा हलला. "म्म," आंतोन म्हणाला. बाहेर चपलाही जागेवर होत्या.

बाहेर आल्यावर कुजबुज व्हायची ती झालीच. देवाचा वास घेतला म्हणे बाईने! खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं नव्हतं. घरी आल्यावर मी म्हणाले, "निदान तिथे तरी विश्वास ठेवायचा होता, ताई." त्या आंतोनचा पट्टा सोडत म्हणाल्या, "तुमाला नाय कळलं, वहिनी." बस्स, एवढंच. मी त्याला हेका समजले. पुढे कधी त्यांना बाहेर जायचं असलं तर त्या मला दोन घास भरवू देत, पण पहिला वास त्यांचा. बाहेर म्हणजे तरी कुठे, दाराशी दूध घ्यायला.

सहा वर्षं अशीच गेली. मग ताईंच्या पोटात दुखायला लागलं. दुखण्यावरही त्यांनी संशयच घेतला, डॉक्टरवरही, आणि फार उशिरा दवाखान्यात गेल्या. निघताना रिक्षात बसून म्हणाल्या, "चार दिवसांत येते." बाबा आंतोनला रोज तिथे नेत आणि त्या पलंगावरूनच त्याला भरवत. सहाव्या दिवशी त्या आल्या त्या पेटीतून. आंतोनची खुर्ची पेटीजवळ नेली. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडून "म्म"सुद्धा निघाला नाही.

आणि त्याने खाणं सोडलं. बाबांनी भरवून बघितलं, गावाहून आलेल्या आत्याने भरवून बघितलं. पेज, मऊ भात, काटे काढून कुस्करलेला सरंगा, दुधात भिजवलेली बिस्किटं, शेजारपाजारच्यांनी काय काय आणलं. ओठ मिटलेले. मी गेले, मला वाटलं माझा हात तो ओळखेल. हात ओळखला, माझ्याकडे बघितलंही, पण तोंड उघडलं नाही. फादर येऊन डोक्यावर हात ठेवून गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ताईंना झोप लागावी म्हणून जे सगळं केलं होतं, ते मातीत जात होतं, आणि मला स्वतःचाच राग येत होता.

दुपारी पुन्हा वाटी हातात घेतली. पेज आत्याने सकाळीच करून ठेवलेली, दिवस मे महिन्याचे. माझ्या मनात शंका आली, आंबली तर नसेल? आत्या कामाला बरी, पण पाणी कुठलं घेतलं असेल कोण जाणे. मी वाटी नाकाला लावली. नीट कळेना म्हणून पुन्हा एकदा हुंगली.

"म्म," आंतोन म्हणाला.

मी वर बघितलं. तो माझ्या नाकाकडे बघत होता, टक लावून, श्वास रोखून. आणि मग मला शिरा दिला त्या दिवशीचं ताईंचं दारातलं बोलणं आठवलं. त्याचं तोंड माझ्या नाकावर चालतं. ज्या पोराला प्रत्येक घासाची भीती, त्याला आईने एकच खूण शिकवली होती, मी बघितलंय, आता घाबरू नको. चर्चमध्ये त्या फादरवर संशय घेत नव्हत्या, देवावर तर नाहीच. त्या पोराला सांगत होत्या. माझ्या बोटांचाही वास त्यांनी माझ्यावर संशय म्हणून कधी घेतलाच नव्हता, आणि मी वर्षानुवर्षं तो अपमान जपून ठेवला होता.

डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी म्हणाले, "हां, जाऊ दे."

त्याने तोंड उघडलं. वाटी संपायला पाऊण तास लागला. बाबा शेजारी येऊन बसले आणि घासागणिक बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी स्वतः भात हुंगला. जमलं त्यांना.

आता महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आंतोनसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन घरीच येतात. फादर खूप म्हातारे झालेत, बोटं पहिल्यापेक्षा जास्त थरथरतात. बाबा पाळीवर असले तर मी असते. सासूबाईंना अजून यातलं काही माहीत नाही. चौकटीवर क्रूसामागे यंदाचं पातं आहे, ते मीच खोचलं. फादर तुकडा वर धरतात, शब्द म्हणतात आणि माझ्याकडे बघून थांबतात. मी वाकून दोनदा हुंगते. वास कसलाच येत नाही, थोडासा गव्हाचा येतो.

"हां, जाऊ दे," मी म्हणते, आणि आंतोन तोंड उघडतो.